जुन्या इस्टेट गाडीच्या डिकीला सरकतं कव्हर: आधी पुठ्ठ्याचा फर्मा, मग ड्रिल

लांब डिकीच्या गाडीचं एक दुखणं आहे. सेडानच्या डिकीत काय भरलंय ते कुणाला कळत नाही, पण इस्टेट गाडी बाजारात लावली की मागच्या काचेतून अख्खा संसार दिसतो. देवगडात दहा मिनिटं गाडी उभी केली तर परत येईपर्यंत दोघांनी तरी "पेटी कितीक दिलास?" असं विचारलेलं असतं. त्यात एप्रिलचं ऊन थेट काचेतून आंब्यावर. कोल्हापूरला पोचेपर्यंत वरच्या थरातला माल अर्धा शिजलेला.

माझ्याकडे टाटा इंडिगो मरीना आहे, २००७ ची, एमएच ०७. मरीना २००४ मध्ये आली आणि काही वर्षांतच बंद पडली. मी सेकंडहँड घेतली तेव्हा डिकीवर कव्हर नव्हतं आणि ते अडकवायला जागाही नव्हती. दोन वेळा चुकलो, तिसऱ्यांदा बसलं. तुमच्याकडे मरीनाऐवजी जुनी टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग किंवा ऑक्टाव्हिया कॉम्बी असेल तरी पद्धत हीच. मापं मात्र माझी घेऊ नका. का, ते पुढे येईलच.

१. कव्हर कुठलं आणायचं

सरकत्या कव्हरची रचना साधी असते. मागच्या सीटच्या पाठीमागे आडवी नळी (हाच रोलर), तिच्यात स्प्रिंग, स्प्रिंगवर गुंडाळलेलं रेक्झिन. रेक्झिनच्या टोकाला एक पट्टी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या. पट्टी ओढून खुंट्या मागच्या खाचांत अडकवल्या की डिकी झाकली. नळीचं निदान एक टोक दाबलं की आत जातं, म्हणजे नळी काढता-घालता येते.

नवीन बनवून घ्यायच्या भानगडीत पडू नका. मी एका कुशनवाल्याकडे बनवायला टाकलं होतं. त्याने पडदा उत्तम शिवला, पण स्प्रिंग खिडकीच्या पडद्याची घातली. एका महिन्यात कव्हर मधोमध झोळीसारखं लोंबायला लागलं. दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या गाडीचं जुनं कव्हर भंगारातून आणा. मुंबईला जाणं होत असेल तर कुर्ल्याच्या भंगारबाजारात एक चक्कर मारा. बघायच्या गोष्टी तीनच: नळीची लांबी तुमच्या डिकीच्या रुंदीपेक्षा कमी हवी, स्प्रिंग पडदा शेवटपर्यंत ओढून घेणारी हवी, आणि दाबायचं टोक गंजून अडकलेलं नको. कमी लांबीचं का, तर कमी असेल तर दोन्ही टोकांना गुटके, म्हणजे लाकडाचे ठोकळे, लावून भरून काढता येतं. जास्त असेल तर नळी कापावी लागते आणि आतली स्प्रिंग हातावर उसळते.

पडदा फाटका असला तर चालेल, तो बदलता येतो.

२. जमवायचं सामान

- पुठ्ठा: आंब्याच्या खोक्याचा चालेल, पण कोरा आणि न दुमडलेला. सोबत पातळ कार्ड म्हणून जुन्या लग्नपत्रिका. घरात हव्या तेवढ्या निघतील.
- बांबूच्या दोन कामट्या, प्रत्येकी ७० सेंटिमीटरच्या आसपास
- कटर, फूटपट्टी, गुण्या, पेन्सिल, एक मोठा वायसर, जाड सुई किंवा दाभण
- मास्किंग टेप आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप
- शाडूची माती, मूठभर
- सुतळी नव्हे, बारीक दोरा (सुतळी ताणते)
- ड्रिल, ३ आणि ६ मिलिमीटरची पाती, कानस
- मरीन प्लायचे तुकडे आणि पाण्याला टिकणारा फेविकॉल
- ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी
- स्टेनलेसचे ६ मिलिमीटरचे बोल्ट, नायलॉनची कडी असलेले नट, नायलॉनचे वायसर
- पीव्हीसी पाइपचा तुकडा, रोलरच्या लांबीचा, फक्त चाचणीसाठी
- कपाटात हँगरचा पाइप अडकवायचे यू आकाराचे सॉकेट, दोन. पट्टीच्या खुंट्या मागे यांच्यातच अडकतात

बोल्ट साध्या लोखंडाचे घेऊ नका, झिंक चढवलेलेही नको. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात त्यांचा चहा होतो. बंदराजवळ बोटीचं सामान विकणारी दुकानं असतात तिथे स्टेनलेस सुटं मिळतं आणि दुकानदाराला कुठलं टिकेल ते नेमकं ठाऊक असतं.

३. आतली पॅनेलं उघडून बघा

डिकीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची पॅनेलं असतात. ती काढल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचं नाही. एका बाजूला इंधन भरायच्या झाकणापासून टाकीकडे जाणारी नळी असते, दोन्ही बाजूंना मागच्या दिव्यांच्या वायरी, कुठे सीटबेल्टची गुंडाळी. यातल्या कशालाही पात्याचं टोक लागलं तर कव्हर सोडून वेगळंच काम निघेल.

जुन्या गाडीच्या क्लिपा वाळलेल्या असतात, झटका दिला की तुटतात. गाडी तासभर उन्हात ठेवा, प्लास्टिक मऊ पडतं. मग बांबूची पाचर किंवा जुन्या टूथब्रशचा दांडा घालून क्लिपेच्या अगदी जवळून उचला. स्क्रू-ड्रायव्हर घातलात तर पांढरा चरा उठतो आणि तो कायमचा राहतो.

मोबाईलवर फोटो काढा. फोटोत फूटपट्टी धरून काढलात तर नंतर "वायर वरच्या कडेपासून किती खाली होती" हे घरात बसून सांगता येतं.

आणि इथेच ठरवून टाका: गाडीच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही. भोकं फक्त प्लास्टिकच्या पॅनेलला, आणि पॅनेलच्या मागून ॲल्युमिनियमची पट्टी लावून जोर वाटून घ्यायचा. पत्र्याला भोक म्हणजे गंजाला आवतण. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर समुद्राची खारी हवा.

पॅनेलं पुन्हा जागेवर लावा. फर्मा, म्हणजे भोकांच्या जागा दाखवणारा पुठ्ठ्याचा साचा, गाडीत बसवलेल्या पॅनेलवरूनच घ्यायचा असतो, कारण सुटं पॅनेल वाकतं.

४. रुंदी टेपने मोजू नका

दोन भिंतींमधलं आतलं माप टेपने घेताना टेप कोपऱ्यात वाकते आणि चार-पाच मिलिमीटर कुठेतरी जातात. त्यापेक्षा दोन कामट्या एकमेकींवर धरा, सरकवत दोन्ही टोकं पॅनेलला टेकवा, मधे टेपने घट्ट बांधा, काढा आणि बाहेर मोजा. सुतार कपाटाच्या आत हेच करतात.

तीन ठिकाणी मोजा: रोलर जिथे बसणार तिथे, त्याच्या पाच सेंटिमीटर वर आणि पाच सेंटिमीटर खाली. पॅनेलं सरळ उभी नसतात, वर जाताना आत झुकतात. माझ्या गाडीत वरच्या आणि खालच्या मापात जवळजवळ दोन सेंटिमीटरचा फरक होता.

५. फर्मा

सगळा वेळ इथे घालवा. आमच्या वाडीतल्या मेस्त्रींनी मला सांगितलं होतं, "आधी पुठ्ठो काप, मगे लाकूड. पुठ्ठो चुकलो तर काय जाता?" पहिल्या खेपेला मी मान डोलावली आणि पुठ्ठा न कापता थेट ड्रिल घेतलं.

फर्मा म्हणजे पॅनेलच्या आकाराचा पुठ्ठा, ज्याच्यावर भोकांच्या जागा आहेत आणि जो गाडीत एकाच प्रकारे बसतो. हे दुसरं महत्त्वाचं. फर्मा एखादा सेंटिमीटर पुढे-मागे सरकत असेल तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून त्याला तीन ठिकाणी टेकू हवा: सीटची पाठ अडकते ती लोखंडी कडी, खिडकीची खालची कड आणि डिकीचा उंबरा. या तीन जागा जुन्या गाडीतही हललेल्या नसतात. पॅनेलची शिवण किंवा कार्पेटची कड खूण म्हणून धरू नका, ती हाताने सरकते.

वळणदार कडेवर पुठ्ठा कसा बसवायचा? दोन रीती आहेत.

पहिली वायसरची. पुठ्ठा अंदाजाने, कडेपासून थोडा (वायसरच्या निम्म्या रुंदीपेक्षा कमीच) आखूड कापून टेपने पॅनेलवर चिकटवा. पेन्सिलीचं टोक वायसरच्या भोकात घाला आणि वायसर गाडीच्या कडेला टेकवून पुठ्ठ्यावरून फिरवत न्या. कडेची हुबेहूब रेघ पुठ्ठ्यावर उमटते, फक्त ठरावीक अंतर आत. हे अंतर म्हणजे भोकाच्या मध्यापासून वायसरच्या कडेपर्यंतचं माप. नंतर तेवढंच बाहेर काढून दुसऱ्या पुठ्ठ्यावर उतरवायचं.

दुसरी बोटांची, आणि मला हीच जास्त पटली. लग्नपत्रिकेच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. मुख्य पुठ्ठा आखूडच ठेवा आणि त्याच्या कडेवर एकेक पट्टी अशी ठेवा की तिचं टोक गाडीच्या कडेला जेमतेम टेकेल. टेकलं की टेप. मग पुढची पट्टी. सात-आठ पट्ट्या झाल्या की हाताच्या पंज्यासारखं दिसायला लागतं. सीटच्या कडीभोवती तीन पट्ट्या लावा, एक वरून, एक खालून, एक पुढून. मग पंजा अलगद उचलून नव्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि टोकं जोडा. मी वापरलेल्या पत्रिकांपैकी एकीवर "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" असं होतं. ती ओळ अजून फर्म्याच्या टोकाला आहे.

खोक्याच्या पुठ्ठ्यात पन्हाळ्या असतात. त्या आडव्या न ठेवता उभ्या ठेवा, नाहीतर फर्मा पॅनेलच्या पोटाबरोबर वाकतो आणि भोक खाली सरकतं.

आता माझी दुसरी चूक. क्लीनर बाजूचा फर्मा सुरेख झाला. म्हटलं, गाडीच्या दोन्ही बाजू सारख्याच, तोच उलटा करून ड्रायव्हर बाजूला लावू. लावला, भोकं पाडली, रोलर तिरका. मोजलं तर चौदा मिलिमीटरचा फरक. त्या बाजूला आधीच्या मालकाच्या काळात ठोकर बसून डेंटिंग झालेलं होतं आणि पॅनेल पुढे ओढून बसवलेलं होतं. बाहेरून रंग इतका छान की कळायला मार्ग नाही. त्या दोन फुकट भोकांत आता पिशवी अडकवायचा हुक आहे. येणारे-जाणारे सोय चांगली केली म्हणतात.

तेव्हा दोन्ही बाजूंचे फर्मे वेगळे. आणि त्यांच्यावर "डावी-उजवी" लिहू नका. तुम्ही डिकीत मागे तोंड करून बसलात की डावं उजवं होतं. "ड्रायव्हर बाजू" आणि "क्लीनर बाजू" लिहा, शिवाय "वर" आणि "पुढे" असे बाण.

६. उंची ठरवणं

नवखा माणूस हमखास पाणसळ काढतो. मीही काढली. आमचं अंगण विहिरीकडे उतरतं, गाडी त्या उतारावर उभी, आणि मी बुडबुडा मधोमध आणून खुणा केल्या. गाडीच्या मानाने कव्हर एका बाजूला पडलं. पाणसळ जमिनीशी सरळ दाखवते, आपल्याला गाडीशी सरळ हवंय. म्हणून दोन्ही बाजूंची उंची डिकीच्या उंबऱ्यापासूनच मोजा.

उंची किती? सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली आणि खिडकीच्या काचेच्या खालच्या कडेच्या आसपास. पण आकड्यांत अडकण्याआधी तुम्ही जे नेहमी नेता ते डिकीत ठेवून बघा. माझ्यासाठी ती पाच डझनाची लाकडी पेटी. तिच्यावर बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात पेटी उसळून रेक्झिन खालून घासते. फणसाचा विचार करू नका, फणस कुठल्याच कव्हरखाली मावत नाही.

आता शाडू. कव्हरची मागची पट्टी डिकीच्या दाराला लागणार की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, कारण दार बंद झाल्यावर आत बघायला माणूस लागतो. पट्टीच्या जागी दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे तुकडे टेपने लावा, त्यांच्यावर लिंबाएवढे शाडूचे गोळे ठेवा आणि दार हळूच बंद करून उघडा. गोळा जिथे चेपला तिथे चेपलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे तुमच्याकडे असलेली फट. पंधरा मिलिमीटरच्या खाली असेल तर पट्टी पुढे घ्या. मागच्या वायपरची मोटर आतल्या बाजूला फुगलेली असते, तिथे एक गोळा जास्त लावा. शाडू नसेल तर कणीक चालते, पण घरात सांगून घ्या.

७. दोऱ्याची परीक्षा

चारही खुणा (पुढे रोलरच्या दोन, मागे पट्टीच्या दोन) फर्म्यावरून पॅनेलवर सुईने टोचून उतरवा. पेन्सिलीची खूण काळ्या प्लास्टिकवर दिसत नाही, म्हणून आधी तिथे मास्किंग टेप लावा.

मग दोरा घ्या. ड्रायव्हर बाजूच्या पुढच्या खुणेपासून क्लीनर बाजूच्या मागच्या खुणेपर्यंत ताणा, गाठ मारा. तोच दोरा दुसऱ्या कर्णावर लावा. घराचा चौथरा आखताना मेस्त्री हेच करतात. दोन्ही कर्ण पाच मिलिमीटरच्या आत जुळले तर पुढे जा. जुळले नाहीत तर पुढच्या खुणा तशाच ठेवून मागच्या सरकवा, कारण मागे यू सॉकेट आहेत आणि तिथे थोडं इकडे-तिकडे चालतं.

त्यानंतर पुठ्ठ्याचेच गुटके करून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा आणि त्यांच्यावर पीव्हीसी पाइप ठेवा. सीट पाडा, उभी करा, कुलूप अडकतंय का बघा. मागे कुणाला तरी बसवा आणि मान मागे टेकवायला सांगा. दोन दिवस तशीच गाडी फिरवा. काही ना काही सापडतं.

८. गुटके

माझा रोलर ९४ सेंटिमीटर, तिथली रुंदी १०१.५. रोलर बसल्यावर त्याचं दाबायचं टोक एक सेंटिमीटर आत गेलेलं हवं, म्हणजे तो खडखडत नाही. रोलरचं टोक बसायला प्रत्येक गुटक्यात एक खाच करायची. म्हणून एका खाचेच्या तळापासून दुसरीच्या तळापर्यंत ९३ सेंटिमीटर, आणि उरलेले साडेआठ दोन गुटक्यांत वाटायचे. खाच आठ मिलिमीटर खोल. तुमच्या रोलरचं टोक किती आत जातं ते आधी तपासा. बसल्यावरचा दाब आणि खाचेची खोली मिळून त्यापेक्षा कमी असली पाहिजे, नाहीतर रोलर एकदा बसेल आणि निघायचा नाही.

प्लायचे तुकडे चिकटवून जाडी करा. गुटक्याची मागची बाजू पॅनेलच्या झुकावाप्रमाणे तिरपी घासावी लागते. हा तिरपेपणा पुठ्ठ्याच्या पाचरीने मोजून घ्या. कापलेल्या कडांना वार्निशचे तीन हात द्या, प्लाय पाणी पितो ते कडेनेच.

९. भोकं आणि बसवणी

पॅनेल पुन्हा काढून घ्या आणि टेबलावर, खाली लाकडाचा तुकडा ठेवून भोक पाडा. आधी तीनचं पातं, मग सहाचं, वेग कमी. जोरात फिरवलंत तर प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं.

बोल्टच्या क्रमाने सांगतो: डोकं गुटक्यात बुडवलेलं, मग गुटका, पॅनेल, ॲल्युमिनियमची पट्टी, नायलॉनचा वायसर, नट. पट्टी गुटक्यापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठी ठेवा आणि रंगवून घ्या. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी सोडतं. नायलॉनचा वायसर त्यासाठीच. बोल्टचं उरलेलं टोक वायरीच्या दिशेला येत असेल तर कापून कानस मारा.

मागचे यू सॉकेट त्याच पद्धतीने लावा. खाचेत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवलात तर घाटात टकटक येत नाही. मला ही टकटक फोंडा घाटात पहिल्याच वळणाला ऐकू आली आणि राधानगरीपर्यंत डोकं खाल्लं.

एक सक्त सूचना. कव्हर म्हणजे फळी नव्हे. त्याच्यावर छत्री, पाण्याची बाटली, मोबाईलचा चार्जर, काहीही ठेवायचं नाही. जोरात ब्रेक लागला की ते सगळं मागे बसलेल्यांच्या डोक्यावर येतं. जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकून. आणि कव्हर नुसता पडदा आहे, सामान अडवायचा त्याचा धर्म नाही.

१०. पावसाळ्यात

ओलं कव्हर गुंडाळू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी ते ओढून पसरलेलंच ठेवतो, कारण गुंडाळीत ओल अडकली की आठ दिवसांत बुरशीचे ठिपके आणि कुबट वास. सुके बोंबील कव्हरखालून नेणार असाल तर बंद डब्यातून न्या. रेक्झिन पुसता येतं, पण आतलं कापड तो वास दिवाळीपर्यंत सोडत नाही.

फर्मे फेकू नका. माझे माळ्यावर, तारेत ओवून टांगलेले आहेत. गेल्या वर्षी कुडाळचे एक गृहस्थ तशीच मरीना आहे म्हणून घेऊन गेले. परत आणले तेव्हा ड्रायव्हर बाजूच्या फर्म्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं: "आमच्या गाडीस ९ मिमी मागे."